बर्फाचं मंजूर कार्ड

छापखान्यात तिला सगळे डोळेबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'डोळेबाई'. हे तिला ठाऊक होतं, कारण खोलीतून बाहेर पडल्यावर आत काय बोललं जातं ते ऐकायला ती दाराआड दोन क्षण थांबायची. बावीस वर्षांच्या नोकरीत स्वतःबद्दल जे काही कानावर आलं ते असंच आलं होतं, आणि त्यातलं फारसं काही तिला खोटं वाटलं नव्हतं.

संशय हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. छापखाना चित्रांची पोस्टकार्डं छापत असे. शहरातल्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं एक दालन होतं. उघड्यावर बसून, उजेड सरकायच्या आत भराभर रंग लावणारी ही मंडळी. खाली दरवाजापाशी संग्रहालयाचं दुकान होतं. वरची चित्रं पाहून उतरलेली माणसं जाताना एखादं कार्ड घेऊन जात, आणि ती कार्डं इथे छापली जात. एका तावावर सोळा कार्डं. यंत्रातून पहिला ताव निघाला की तो डोळेबाईच्या टेबलावर यायचा. ती भिंग लावून तो पाहायची, नमुन्याशी ताडायची आणि कोपऱ्यात सही करायची. तिची सही झाल्याखेरीज पुढचा ताव निघत नसे.

कामगारांनी चित्रांची बारशी आपापल्या परीने केली होती. 'छत्रीवाली', 'तळं', 'धुराचं स्टेशन', 'नाचाच्या पोरी' आणि 'बर्फ'. 'बर्फ'मध्ये तसं काहीच नव्हतं. सकाळच्या उन्हातलं बर्फाचं शेत, एक कुंपण, आणि कुंपणाच्या लांब निळ्या सावल्या. पण छापायला तेच सगळ्यांत अवघड. पांढऱ्यावर पाप लपत नाही, असं डोळेबाई म्हणायची.

घरीही तीच तऱ्हा. दूधवाल्याने दूध ओतलं की भांडं खिडकीशी नेऊन पाहायचं. बेल वाजली की 'कोण?' असं न विचारता 'कशाला?' असं विचारायचं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची थोरली नणंद अशा दोघीच.

"तुला स्वर्गात नेलं ना," नणंद म्हणायची, "तर तू आधी दाराची बिजागरी तपासशील."

"तपासायलाच हवी, वन्सं. निखळली तर कोणाच्या डोक्यात पडेल?"

कामाचा तिचा एक नियम होता. प्रत्येक चित्राच्या पहिल्या छपाईला संग्रहालयाचा माणूस येई, मूळ चित्राशी ताडलेल्या कार्डाच्या पाठीवर सही करून जाई. ते मंजूर कार्ड, म्हणजेच पहिला नमुना. पुढची प्रत्येक छपाई नमुन्याशी जुळवायची. डोळेबाई स्वतः संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर कधी गेलीच नव्हती. "आपण चित्राशी जुळवत नाही, नमुन्याशी जुळवतो," ती सांगे. "चित्र पाहिलं की मन फितूर होतं. मग कार्डावर नाही ते दिसायला लागतं." नमुना हाताळून मळला, कोपरे दुमडले, की ती त्याच छपाईतलं सगळ्यांत चोख कार्ड निवडून त्याचा नवा नमुना करायची. तारीख घालून सही करायची आणि जुना नमुना काळ्या कागदात घालून पाकिटात ठेवायची. टाकून द्यायची नाही. टाकलेल्या वस्तूचा पुरावा देता येत नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास संग्रहालयाच्या दुकानातल्या मॅडम आल्या. त्यांच्यामागे हमालाने 'बर्फ'ची तीन खोकी आणून मालकाच्या टेबलावर ठेवली.

"परत?" मालक उठून उभे राहिले.

"शनिवारी एक म्हातारे गृहस्थ हे कार्ड घेऊन पुन्हा जिना चढून वर गेले," मॅडम म्हणाल्या. "चित्रासमोर धरून पाच मिनिटं उभे. खाली येऊन मला काय विचारलं सांगू? 'बाई, या चित्राचं सकाळचं कार्ड आहे का? हे संध्याकाळचं दिसतंय.'"

डोळेबाई दारातच उभी होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नमुन्याशी तंतोतंत आहे," ती म्हणाली.

"असेल. पण चित्राशी नाही. मीही नेऊन पाहिलं. बर्फ गुलाबी झालाय तुमचा. हे असंच चालणार असेल तर आम्हाला दुसरा छापखाना पाहावा लागेल."

मालकांनी त्यांना कसंबसं शांत केलं. नवी छपाई करून देतो, शनिवारी अकराला या, चूक कोणाची ते नावानिशी सांगतो, असं कबूल केलं. मॅडम गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"बाई, हे तुमच्या हाताखालून गेलंय."

"माझ्या हाताखालून गेलं तेव्हा बरोबर होतं."

"म्हणजे तुमच्या सहीनंतर कोणीतरी काहीतरी केलं."

दोघांच्याही मनात एकच माणूस होता. भिंतीपलीकडे त्याचं यंत्र चालू होतं.

"शनिवारपर्यंत मला नाव द्या," मालक म्हणाले. "तुम्ही म्हणाल तो माणूस सोमवारी कामावर नसेल. तुमच्या डोळ्यांवर माझ्या वडिलांचा विश्वास होता, माझाही आहे."

मशीनमास्तरला येऊन चौदा महिने झाले होते. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला कंजूस. तो रोज दहा मिनिटं लवकर यायचा. डोळेबाईच्या मते लवकर येणारा माणूस उशिरा येणाऱ्यापेक्षा वाईट; उशिरा येणाऱ्याचं कारण तरी कळतं. शिवाय यंत्राजवळच्या त्याच्या खणाला कुलूप होतं. किल्ली, नट पिळायचे पाने आणि चिंध्या यांना कुलूप कशाला? आणि गेल्या वर्षात तीनदा त्याने 'बर्फ'चा पहिला ताव निळसर काढून आणला होता. तिन्ही वेळा तिने परत पाठवला होता. "निळं पडलंय मास्तर, कमी करा." तो मान हलवून जायचा आणि कमी करून आणायचा. एकदाही वाद नाही. वाद न घालणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं कोण सांगणार?

मंगळवारी तिने आपला तर्क पक्का केला. मास्तर चांगली निळी शाई बाहेर विकत असणार आणि डब्यात हलकी मिसळत असणार. दुपारच्या सुट्टीत सगळे हात धुवायला गेले तेव्हा तिने निळ्याच्या डब्यात पट्टी बुडवून उंची पाहिली आणि डब्याच्या आत नखाने खूण केली. बुधवारी पुन्हा पाहिलं. शाई पातळ नव्हती, हलकीही नव्हती. पण जितकी उतरायला हवी त्याहून बोटभर जास्त उतरली होती. छपाईत निळा कमी आणि डब्यातून जास्त! पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं. रद्दीच्या पेटीतही तिला काही ताव कमी वाटले. तिने मोजून ठेवले नव्हते याचा तिला स्वतःचाच राग आला.

"खण उघडा बघू," असं सरळ म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण सावध केलेला चोर हाती लागत नाही.

"मास्तर," तिने नुसतं विचारलं, "पिशवीत काय नेता रोज?"

"डबा."

"डब्यात?"

"सकाळी जेवण असतं. संध्याकाळी काही नसतं."

असं सरळ उत्तर ऐकून तिचा संशय दुणावला.

त्या संध्याकाळी नणंदेला हे सगळं सांगताना तिने कणीक तिंबता तिंबता परातच दणकावली.

"काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात," नणंद म्हणाली. "माणूस मुकाट आपलं काम करतोय. तू त्याच्या डब्यात काय शोधतेस?"

"मुकाट करतोय म्हणूनच शोधतेय."

"आणि तो बोलका असता तर?"

"तर तोंडाने झाकतोय म्हटलं असतं," डोळेबाई म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. पण पोळी लाटेपर्यंत ते विरून गेलं.

गुरुवारी बदलीची छपाई लागली. 'बर्फ' तावाच्या उजव्या कडेच्या रांगेत होतं. पहिला ताव आला तेव्हा तिने नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला. भिंगाखाली ठिपके पाहिले, नमुना शेजारी धरला, उलटा करून धरला, खिडकीशी नेला, दिव्याखाली आणला. तंतोतंत. तिने सही केली. मास्तर ताव घेऊन गेला. ती त्याच्यामागोमाग यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दाराआड थांबली.

यंत्र सुरू झालं नाही. त्याऐवजी एक बारीक आवाज आला. शाई सोडायच्या किल्लीचा. ती आत शिरली.

"हात तिथेच ठेवा, मास्तर."

मास्तरने हात काढला नाही. तो दचकलाही नाही.

"किती उघडली?"

"अर्धा फेरा. उजव्या रांगेची फक्त."

"निळ्याची?"

"निळ्याची."

"माझी सही झाल्यावर?"

"सहीच्या आधी तुम्ही उघडू देत नाही, बाई."

"वा! म्हणजे चूक माझीच. चोराच्या उलट्या बोंबा! आणि डब्यातली शाई?"

"रद्दीच्या तावांवर करून पाहत होतो. किती उघडली की बसतं ते."

"कशाशी बसतं? नमुना तर माझ्याकडे असतो!"

मास्तरने हात पुसले. खिशातून किल्ली काढून खण उघडला. आत पाने होते, चिंध्या होत्या, 'बर्फ'चे कापलेले तुकडे होते आणि एका पुठ्ठ्यात जपून ठेवलेलं एक जुनं कार्ड होतं. त्याने ते तिच्यापुढे धरलं. तेच शेत, तेच कुंपण. पण सावल्या अशा निळ्या की बोट लावलं तर गार लागेल. पाठीवर याच छापखान्याचं नाव होतं.

"जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं," तो म्हणाला. "एका पुस्तकात खुणेला घातलेलं होतं. इथे लागलो त्याच महिन्यात. तेव्हापासून मला राहून राहून वाटतंय, आपलं बिघडलंय."

डोळेबाईने कार्ड हुंगलं, वाकवलं, खिडकीशी नेलं. "उन्हाने उडालंय," ती म्हणाली. "ऊन लागलं की पिवळा आणि तांबडा आधी जातात. निळा आणि काळा मागे राहतात. जुनी कार्डं सगळी निळीच दिसतात. हे मला शिकवू नका."

"मिटलेल्या पुस्तकात होतं, बाई."

"पुस्तक कोणाचं? किती वर्षं फळीवर उघडं पडलेलं? आहे पुरावा?"

"नाही."

"मग मालकांना का नाही दाखवलंत?"

"काय म्हणून दाखवू? नमुन्यावर तुमची सही आहे. मी चौदा महिन्यांचा, तुम्ही बावीस वर्षांच्या."

तिने किल्ली पुन्हा बंद करायला लावली आणि छपाई थांबवली. "उद्या मी पहिलं मंजूर कार्ड काढते. ते काळ्या कागदात आहे, बाजूला काढल्यापासून उजेड पाहिलेला नाही त्याने. तुमच्या या कार्डाशेजारी ठेवते. मग शनिवारी मालकांसमोर बोलू."

"काढा," मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजात तिला भीती ऐकू यायला हवी होती. ती आली नाही, म्हणून ती जास्तच चिडली.

शुक्रवारी सकाळी तिने कपाट उघडलं. 'बर्फ'चं पाकीट जाड होतं. त्यात नऊ नमुने निघाले, चौदा वर्षांतल्या नऊ छपायांचे. अगदी तळाशी काळ्या कागदात पहिलं कार्ड होतं. तिने ते उलगडलं.

सावल्या निळ्या होत्या.

कोणीतरी बदललंय, हा तिचा पहिला विचार. पण कपाटाची किल्ली एकच, आणि ती तिच्या गळ्यात. पाठीवर संग्रहालयाच्या माणसाची सही होती. तिने भिंगाखाली ती सही अक्षर अक्षर तपासली. खाली तारीख होती, तिच्याच हातची, तिच्याच वळणाची. तिने मास्तरचं कार्ड शेजारी ठेवलं. जुळ्या बहिणी.

मग तिने नऊच्या नऊ कार्डं दिव्याखाली ओळीने मांडली. पहिल्याशेजारी दुसरं: फरक नाही. दुसऱ्याशेजारी तिसरं: नाही. अशी शेवटपर्यंत गेली. कुठल्याही दोन शेजाऱ्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. मग तिने मधली सात कार्डं तळहातांनी झाकली. एका टोकाला सकाळ होती, दुसऱ्या टोकाला संध्याकाळ.

तिला आठवलं. दुसऱ्या छपाईच्या वेळी थोरले मालक म्हणाले होते, "बाई, बर्फ निळा जायला नको हं, लोक म्हणतील शाई सांडली." तेव्हापासून तिला निळ्याचा धाक बसला. दरवेळी चोख म्हणून तिने निवडलं ते कार्ड केसभर उबेकडे झुकलेलं असणार. आणि दरवेळी पुढची छपाई पहिल्या कार्डाशी न जुळवता त्या शेवटच्या कार्डाशी जुळवली. केस केस करत अख्खा दिवस मावळला होता. प्रत्येक कार्डावर सही एकाच माणसाची होती.

दारावर टकटक झाली. "बाई," मास्तरचा आवाज, "निघालं का पहिलं?"

तिने ओळीवर वर्तमानपत्र टाकलं. "शोधतेय," ती म्हणाली.

हे तिचं या छापखान्यातलं पहिलं खोटं.

संध्याकाळी नणंदेने चहा पुढे ठेवला. "सापडला का चोर?"

"सापडला."

"मग तोंड असं का? चोर सापडला की माणसाला भूक लागते."

"घरचाच निघाला, वन्सं."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हण," नणंद म्हणाली आणि भावजयीचा चेहरा पाहून थांबली. मग डोळेबाईने सगळं सांगितलं. सांगताना चहावर साय धरली.

"मालकांना ठाऊक आहे?"

"नाही."

"मास्तरला?"

"त्याला नुसता संशय आहे. पुरावा माझ्या कपाटात आहे. उद्या मी त्याचं नाव घेतलं तर कोणी मला एक प्रश्न विचारणार नाही. त्याने किल्ली फिरवताना मी त्याला पकडलंय. ते खरंच आहे."

"ते नऊ कागद मी असते तर शेगडीत घातले असते," नणंद म्हणाली. "आणि झोपलेही असते. मला झोप चांगली लागते, तुला माहीत आहे. पण तू दूध तीन वेळा पाहणारी बाई. तुला जमेल का ते?"

डोळेबाईने चहा तसाच ओतून टाकला.

शनिवारी दहा वाजता ती मालकांच्या खोलीत गेली. टेबलावर कामावरून काढल्याचं टंकलेलं पत्र तयार होतं. नावाची जागा तेवढी मोकळी.

"बोला, बाई. मास्तरच ना?"

तिने पाकीट उघडून नऊ कार्डं काचेवर मांडली आणि पहिलं व शेवटचं शेजारी ठेवलं. "माझं लिहा," ती म्हणाली.

मालकांनी दोनदा चष्मा पुसला. मग ती नमुने कसे बदलत गेली ते सांगत असताना ते दाराकडे पाहू लागले, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? छापखान्याचे डोळेच गेले?"

"म्हणू देत."

"बाई, मास्तर नवा आहे. त्याला कुठेही काम मिळेल. तुम्हाला या वयात..."

"मिळणार नाही. ठाऊक आहे मला. पण चोर म्हणून काढलेल्या माणसालाही मिळत नाही. आणि बिघडलेलं पाहिलं त्याने, मी नाही."

अकराला मॅडम आल्या. डोळेबाईने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, मालकांना मध्ये बोलू न देता. मॅडमनी पहिलं आणि नववं कार्ड उचललं, खिडकीशी नेलं. मग म्हणाल्या, "सोमवारी आमच्याकडे बंद असतं. नवा ताव घेऊन वर या. चित्रासमोरच मंजूर करू. तुम्ही या, आणि तुमच्या मास्तरांनाही आणा."

"म्हणजे काम आमच्याकडेच?" मालकांनी विचारलं.

"सोमवारी बघू."

त्या गेल्यावर मालकांनी ते पत्र हळूच खणात सरकवलं.

"फाडा," डोळेबाई म्हणाली.

"फाडतो ना, बाई."

"आत्ता."

त्यांनी फाडलं. तिने तुकडे पाहिले, मग बाहेर पडली. बोळात मास्तर भिंतीला टेकून उभा होता.

"दाराआड उभे होतात?"

"तुमच्याकडूनच शिकलो, बाई," मास्तर म्हणाला. मग पायांकडे पाहत म्हणाला, "किल्ली तुम्हाला न विचारता फिरवायला नको होती मी."

"नकोच होती," ती म्हणाली. "ताव सोमवारी नऊला लागेल. आणि दहा मिनिटं लवकर या."

सोमवारी मास्तरने ताव काढला, पहिल्या मंजूर कार्डाशी जुळवून. तो नळीत गुंडाळून दोघे संग्रहालयाचा जिना चढले. दालन रिकामं होतं. मॅडम आणि एक पहारेकरी तेवढे उभे. डोळेबाई चित्रासमोर आली आणि थबकली. ते एवढं मोठं असेल असं तिच्या कधी मनात आलंच नव्हतं. तिच्या लेखी ते चौदा वर्षं तळहाताएवढं होतं. रंग थरांनी लावलेला होता, जागोजागी उंचावलेला, आणि त्यात पांढरा असा जवळजवळ नव्हताच.

मास्तरने ताव चित्राशेजारी धरला. मॅडमनी मान हलवली. "बसलं," त्या म्हणाल्या.

डोळेबाई तावाकडे पाही, मग चित्राकडे, मग पुन्हा तावाकडे. तिने भिंग काढलं.

"लांबून, बाई," पहारेकरी म्हणाला.

"हा दिवा बरोबर आहे ना?" तिने त्याला विचारलं.

"दिवा रोजचाच आहे."

ती दोन पावलं मागे सरली. ताव तिला फार निळा दिसत होता. आणि चित्रही. दोन्ही सारखंच निळं.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "हे चित्र छापून माझ्या टेबलावर आलं असतं ना, तर मी परत पाठवलं असतं."

"तीनदा पाठवलंत, बाई."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. तिने पेन मास्तरकडे दिलं. "आधी तुम्ही करा."

मास्तरने तावाच्या कोपऱ्यात सही केली, सवय नसल्यामुळे जरा तिरकी. मग डोळेबाईने पेन घेतलं, तारीख घातली, आणि सहीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं: 'माझ्या डोळ्यांना निळं दिसतं. चित्राशी ताडून पाहिलं. मंजूर.'